दुकानाच्या फोनवरचा कचरा आणि गिऱ्हाइकाची तक्रार

सकाळी दुकान उघडून फोन हातात घेतला की आधी कचरा काढावा लागतो, हा आज प्रत्येक व्यापारी बंधूचा अनुभव आहे. न मागितलेले कर्ज मंजूर झाल्याचा संदेश, शेअर बाजारात पैसे तिप्पट करून देणाऱ्याचे आमंत्रण, पार्सल अडकल्याची बातमी, विमा, प्लॉट, औषधे. आणि या ढिगाऱ्यात कुठेतरी एखाद्या गिऱ्हाइकाच्या दोन ओळी असतात की, अठ्ठेचाळीस पन्न्याचा माल आहे काय, भाव काय लावाल. एकदा कुतूहल म्हणून आम्ही दिवसभर वहीत रेघा मारून मोजले. संध्याकाळपर्यंत साठाच्या वर कॉल आणि संदेश झाले आणि त्यांत धंद्याचे सोळा होते. त्या सोळांसाठी बाकीचे सारे सहन करावे लागते.

कचरा आला तर काढून टाकावा, त्यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. आम्हीही तेच म्हणत होतो. परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्याच दुकानात असा प्रकार घडला की, कचरा काढणे हेसुद्धा हिशेब लिहिण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे हे आम्हाला मान्य करावे लागले.

उल्हासनगरचा एक कारखानदार जीन्सच्या खिशाला लागणारे कापड आमच्याकडून घेत असे. चाळीस ताक्यांचा माल त्याला गेला. आठवड्याने रात्री साडेअकराला एका अनोळखी नंबरावरून संदेश आला. मजकूर असा की, तुम्ही लोकांना फसवता, पैसे परत करा, पुरावा सोबत आहे. आणि खाली एक लिंक. नाव नाही, बिलाचा नंबर नाही. फोन त्या वेळी आमच्या पुतण्याकडे होता. सकाळी तो म्हणाला, "चाचा, रात्री एक फ्रॉडवाला आला होता, ब्लॉक करून टाकला." आम्ही त्याला शाबासकी दिली.

चार दिवसांनी गुगलवर आमच्या दुकानाच्या नावाखाली एक तारा देऊन कोणी लिहिले, 'ताका कमी भरतो, तक्रार केली तर नंबर बंद करतात.' हे एखाद्या शेजारच्या दुकानदाराचे काम असावे असा पुतण्याला संशय आला आणि त्याने तो शेरा खोटा आहे अशी गुगलकडे तक्रार केली. तीन आठवड्यांनी दलाल आला आणि म्हणाला, "शेठ, माल कमी गेला ते एक वेळ चालेल, पण त्याचा नंबर का बंद केलात?" तेव्हा आमच्या ध्यानात आले. नंबर त्याच्या मुलाचा होता आणि लिंकमध्ये ताका मोजतानाचे चित्रीकरण होते. आम्ही गोदामात उरलेले ताके काढून हातगजाने मोजले. वर शंभर मीटरचा शिक्का आणि आत सत्त्याण्णव. ज्या घडी मशिनवर माल उतरला होता, तिचा मीटर चुकत होता. चाळीस ताक्यांचे एकशे वीस मीटर, म्हणजे चार हजारांच्या आतली रक्कम. ती त्याच दिवशी वळती केली. पण वर्षाकाठी सात-आठ लाखांचा माल नेणारे गिऱ्हाईक तोपर्यंत दुसऱ्या पेढीवर जाऊ लागले होते.

म्हणजे कचरा समजून आम्ही जे फेकले, तेच त्या महिन्यातले सर्वांत कामाचे पत्र होते. खोटा संदेश ओळखता आला नाही तर पैसे जातात, हे वर्तमानपत्रे रोज सांगतात. खरा संदेश खोटा समजला तर काय जाते, हे मात्र कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

आता हा कचरा मुळात येतो कशामुळे ते पाहू. न मागता ढीगभर पाठवलेल्या संदेशाला 'स्पॅम' म्हणतात. हे नाव एका डबाबंद मांसाचे आहे. अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने १९३७ साली ते बाजारात आणले आणि ते डुकराचे असते, म्हणजे आमच्या वाचकांच्या घरात तो डबा येण्याचा प्रश्न नाही, नाव तेवढे आले. १९७० साली इंग्लंडच्या दूरदर्शनवर एका विनोदी नाटुकल्यात खाणावळीतल्या प्रत्येक पदार्थात हेच मांस घातलेले आणि गिऱ्हाईक नको नको म्हणत असलेले दाखवले होते. नको असताना पुन्हा पुन्हा ताटात पडते ते स्पॅम, असा अर्थ पुढे संगणकवाल्यांनी घेतला. अशा संदेशाचा पहिला नमुना मात्र त्याहून नावाजलेला आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या विक्री विभागातील गॅरी थर्क यांनी सुमारे चारशे लोकांना एकदम जाहिरातीचे पत्र पाठवले. लोक संतापले. पण त्यातून लाखो डॉलरची विक्री झाली, असे थर्क पुढे सांगत राहिले.

सारी मेख इथे आहे. आमच्या तरुणपणी हँडबिल छापायचे तर कागद, शाई, वाटणारा पोऱ्या, सगळ्याचा खर्च होता. पोस्टकार्डालाही पैसे पडत. त्यामुळे पाठवणारा आधी विचार करी की, हा माणूस आपला माल घेण्यासारखा आहे काय. संदेशाला जवळजवळ काही पडत नाही. लाखात दोन माणसे फसली किंवा दोघांनी माल घेतला तरी पाठवणाऱ्याचा धंदा फायद्यात राहतो. उरलेल्यांचा जो वेळ जातो, तो त्याच्या खतावणीत कुठेच लिहिला जात नाही. म्हणून उलट उत्तर देऊन, शिव्या देऊन किंवा समजावून हा प्रकार थांबत नाही. उत्तर दिले की नंबर चालू आहे एवढेच त्याला कळते.

ईमेलचा कचरा आता बराचसा यंत्रच वेगळा करते. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. २००२ साली पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने एक पद्धत मांडली आणि ती फार पसरली. तीत प्रत्येक शब्दाचे वजन धरतात. 'बक्षीस', 'ताबडतोब', 'कर्ज' असे शब्द आजवरच्या कचऱ्यात किती वेळा आले आणि खऱ्या पत्रांत किती वेळा आले, यावरून नव्या पत्राचा अंदाज बांधतात. आजची यंत्रे याच्या पुष्कळ पुढे गेली आहेत, तरी तत्त्व असे की, यंत्र माणसाने लावलेल्या खुणांवरून शिकते. खरी ऑर्डर आपण चुकून स्पॅममध्ये टाकली तर यंत्र तेही शिकते. शिवाय जीमेलच्या स्पॅम कप्प्यातले पत्र तीस दिवसांनी आपोआप नाहीसे होते. अनोळखी गिऱ्हाइकाचे भाव विचारणारे पहिले पत्र, सोबत जोडलेले चित्र, घाईचा मजकूर, हे सारे यंत्राला संशयास्पद वाटू शकते. आमच्याकडे आता दर शनिवारी संध्याकाळी तो कप्पा उघडून पाहण्याचा रिवाज आहे. पाच मिनिटांचे काम आहे.

फोनवरच्या संदेशांसाठी सरकारने काही खुणा ठरवल्या आहेत. त्या पाठ असाव्यात. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याचे या विषयावरचे नियम २०१८ चे आहेत आणि त्यांत १२ फेब्रुवारी २०२५ रोजी महत्त्वाची दुरुस्ती झाली. कंपनीच्या किंवा बँकेच्या एसएमएसवर पाठवणाऱ्याचे जे नाव दिसते, त्याच्या शेवटी आता आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असते. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बँकेच्या नावाने संदेश आला आणि तो साध्या दहा आकडी मोबाइलवरून असेल, तर तिथेच संशय घ्यावा. कॉलचेही तसेच आहे. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे आणि बँका-वित्तसंस्थांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवले आहेत.

तक्रार कुठे करायची यात मात्र आमचे लोक फार गोंधळतात, कारण दारे तीन आहेत. नुसता त्रास देणारी जाहिरात असेल तर १९०९ या क्रमांकावर किंवा ट्रायच्या डीएनडी अॅपवर तक्रार करावी. पूर्वी तीन दिवसांत करावी लागे, आता सात दिवस मिळतात. नोंदणी नसलेल्या मोबाइलवरून जाहिरात आली असेल तर तुम्ही आधी डीएनडी घेतलेले नसले तरी तक्रार चालते. दुसरे दार संचार साथी संकेतस्थळावरील 'चक्षू' हे होय. मार्च २०२४ मध्ये ते सुरू झाले. फसवणुकीचा प्रयत्न दिसतो आहे पण पैसे गेलेले नाहीत, अशा कॉल, एसएमएस वा व्हॉट्सअॅपची माहिती तिथे द्यावी. आणि पैसे गेलेच असतील तर दुसरे काही न करता आधी १९३० ला फोन लावावा. तिथे एकेका मिनिटाला किंमत आहे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवली तरच हाती लागते. दलालाला विचारतो, भाच्याला विचारतो, असे करत आमच्या बाजारातील एका गृहस्थाने पूर्ण दुपार घालवली होती.

व्हॉट्सअॅप हे ट्रायच्या वरील नियमांत येत नाही. तिथे 'ब्लॉक' आणि 'रिपोर्ट' अशा दोन गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक आमच्या पुतण्यालाही ठाऊक नव्हता. ब्लॉक केल्याने फक्त आपले दार बंद होते. रिपोर्ट केल्यावर त्या माणसाकडून आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे तपासणीला जातात आणि पुष्कळांनी रिपोर्ट केले तर त्याचे खाते बंद होऊ शकते. आम्ही त्या उल्हासनगरवाल्याच्या मुलाला दोन्ही केले होते. अनोळखी कॉल आपोआप गप्प करण्याचीही सोय त्यात आहे. घरच्या फोनला ती चांगली आहे, पण दुकानाच्या फोनला लावू नये असे आमचे मत आहे. नवे गिऱ्हाईक हे नेहमी अनोळखी नंबरावरूनच येते.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती, बँकेची केवायसी अशा नावाने एपीके फाईल आली तर ती उघडूच नये, पाठवणारा ओळखीचा असला तरी, कारण त्याचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे पाठवल्याचे नुसते चित्र दाखवले तर माल देऊ नये, बँकेच्या खात्यात जमा दिसल्यावरच द्यावा. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. रमजानमध्ये मदतीची आवाहने फिरतात. त्यांत मजकूर खरा आणि क्यूआर कोड भलत्याचा असे होऊ शकते, तेव्हा स्कॅन केल्यावर दिसणारे नाव वाचल्याशिवाय रक्कम टाकू नये. हे सारे बहुतेकांना आता माहीत आहे.

अवघड आहे ते मधले. संतापलेले गिऱ्हाईक आणि धमकावणारा ठग हे पहिल्या दोन ओळींत सारखेच बोलतात. दोघेही पैसे मागतात, घाई करतात, नाव सांगत नाहीत. आम्ही आता एक साधा नियम ठेवला आहे. मजकुरात आपल्या मालाचे काही आहे काय ते पाहायचे. ताका, पन्ना, बिल, तारीख, दलालाचे नाव, यांतले एक जरी असेल तरी ब्लॉक करायचे नाही. लिंक उघडायची नाही, पण उत्तर एकच पाठवायचे की, बिलाचा नंबर आणि मालाचा फोटो इथेच पाठवा, आम्ही फोन करतो. ठग पुढे बिलाचा नंबर देत नाही, गिऱ्हाईक देते. पुतण्याला सांगून ठेवले आहे की, नंबर बंद करण्याआधी रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी आम्हाला दाखवायचे. रात्री साडेअकराला कोणाचेच डोके जागेवर नसते.

गुगलवरचे शेरे हा आणखी निराळा मामला आहे. तो शेरा दुकानदाराला पुसता येत नाही, आणि ते बरेच आहे. नियमाविरुद्ध असेल, म्हणजे शिवीगाळ, जाहिरात, खोटेपणा किंवा आपल्या दुकानाशी संबंधच नसलेला मजकूर, तर तशी खूण करून तपासणी मागता येते, निर्णय त्यांचा. पण 'माल कमी भरला' हा कडू शेरा नियमाविरुद्ध नाही. त्याखाली दुकानाच्या नावाने उत्तर लिहिता येते आणि ते सर्वांना दिसते. हे उत्तर शेरा लिहिणाऱ्यापेक्षा उद्या येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असते, हे लिहिताना लक्षात ठेवावे. आमच्या बाजारात काही लोक याच्या उलट करतात. भाऊबंदांना सांगून पाच ताऱ्यांचे शेरे लिहून घेतात. एकाच दिवशी वीस माणसे 'बेस्ट शॉप' असे लिहितात आणि तीही आडनावाची. गुगलच्या नियमांत हे बसत नाही आणि गिऱ्हाईकही तेवढे खुळे राहिलेले नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक यासाठीच काढले. ऑनलाइन शेरे कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत याची रीत त्यात आहे. ते ऐच्छिक आहे, पण प्रतिकूल शेरे दाबू नयेत आणि विकत घेतलेले शेरे घालू नयेत, ही सरकारी नजर त्यातून दिसते.

आता बाजाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपविषयी. भाव, लॉट आणि ट्रकची सोय कळावी म्हणून काढलेले ग्रुप सुप्रभात, फॉरवर्ड आणि कर्जाच्या जाहिरातींनी भरून जातात. नियम कडक ठेवले की रुसवे होतात, ढिले ठेवले की कामाचे लोक निघून जातात. परंतु जाहिरातीहून वाईट अशी एक चीज तिथे येते. 'अमुक पार्टी बसली, माल देऊ नका.' पाच मिनिटांत हे वाक्य दहा ग्रुपांत जाते आणि संध्याकाळपर्यंत त्या माणसाला सूत उधार मिळेनासे होते. कधी खबर खरी असते, पण पुष्कळदा एक धनादेश सहीच्या फरकाने परत आलेला असतो, एवढेच. पत हीच भांडवल असलेल्या धंद्यात ही तोहमत माणसाला खरोखरच बसवते. लिहिणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला होऊ शकतो, हे ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना माहीत नसते.

ग्रुपच्या अॅडमिनची जबाबदारी किती? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अॅडमिनला केवळ अॅडमिन म्हणून दोषी धरता येत नाही, दोघांचा समान हेतू होता हे दिसले पाहिजे. त्या काळी अॅडमिनला दुसऱ्याचा संदेश पुसण्याची सोयही नव्हती. ती २०२२ मध्ये आली. म्हणजे आता हातात झाडू आहे, तेव्हा 'मी काय करणार' हे उत्तर कायद्यात कदाचित चालेल, बाजारात चालू नये. आमच्या ग्रुपवर ठरले आहे की, कोणाच्या पैशाविषयीची तक्रार असेल तर ती ग्रुपवर न टाकता दोघा जुन्या व्यापाऱ्यांकडे कागदासह द्यायची. टाकली तर पुसायची, पण पुसून गप्प बसायचे नाही. टाकणाऱ्याला फोन करून त्याचे गाऱ्हाणे ऐकायचे. नुसते पुसले तर तो दुसऱ्या ग्रुपवर जाऊन तेच लिहितो.

एक कबुली राहिली. ईदच्या आधी आम्हीही वहीतल्या साऱ्या नंबरांना नव्या मालाचे संदेश पाठवत असू, त्यांत दहा वर्षांपूर्वी एकदा रुमाल घेतलेलेही आले. पाठवणाऱ्याला ती दुकानाची खबर वाटते, घेणाऱ्याला तो कचरा वाटतो. साध्या मोबाइलवरून असे जाहिरातीचे एसएमएस वा कॉल करणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी आता कारवाई होते. पहिल्या वेळी पंधरा दिवस बाहेर जाणारी सेवा बंद, पुढच्या वेळी एक वर्षापर्यंत सर्व कंपन्यांकडची जोडणी बंद. दुकानाचा नंबर वर्षभर बंद म्हणजे काय, ते व्यापाऱ्याला सांगायला नको. मोठ्या प्रमाणावर एसएमएस पाठवायचे असतील तर दूरसंचार कंपनीच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदणी करून, नाव आणि मजकूर मंजूर करून घेऊनच पाठवावे लागतात. व्हॉट्सअॅपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीतून संदेश फक्त ज्याने आपला नंबर जतन केला आहे त्यालाच पोहोचतो. आम्हाला हे बंधन आवडले. आता दुकानात बिल करतानाच विचारतो की, नव्या मालाची खबर पाठवू काय. हो म्हणेल त्याच्या नावापुढे खूण करतो. यादी निम्म्याहून कमी झाली आहे, उत्तरे मात्र पूर्वीइतकीच येतात.

उल्हासनगरवाल्याच्या शेऱ्याखाली आम्ही उत्तर लिहिले ते असे: 'तक्रार खरी होती. मशिनचा मीटर चुकत होता, एकशे वीस मीटरचे पैसे परत दिले आहेत. नंबर बंद करणे ही आमची चूक.' तो एक तारा अजून तिथेच आहे, त्याने काढला नाही, आम्ही काढ म्हटले नाही. गेल्या दिवाळीपासून तो पुन्हा माल नेऊ लागला आहे, पूर्वीच्या निम्मा. ताका गाडीत चढवण्याआधी त्याचा माणूस एकेक उलगडून मोजतो, आणि आमचा पुतण्या टेपचे दुसरे टोक धरून उभा असतो.